लाकूड कोरण्याचा छंद

श्रावणी अमावास्येस पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान मुले आपापले लाकडाचे नंदी सजवून चौकात आणून उभे करतात. ज्याचा नंदी उत्तम सजला असेल त्यास बक्षीस मिळते, आणि मग मुले घरोघर बोजारा मागत हिंडतात. हा सोहळा आम्ही कित्येक वर्षे हौसेने पाहत आलो आहो. मात्र त्यातील एक गोष्ट आमच्या मनास खटकते. नंदीच्या झुलीची, माळांची, शिंगांवरील बेगडाची वाहवा होते. नंदी कोणी घडविला, हे कोणीच विचारीत नाही. बहुतेक नंदी बाजारातून आणलेले असतात. त्यात वावगे काही नाही. त्यावर कारागिराचे पोट चालते आणि त्याचा हात आमच्या हाताहून शतपटीने सरस असतो. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या घरी दहाबारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरी बाजारच्या नंदीशेजारी एखादा घरचा नंदी, वाकडातिकडा का होईना, उभा असावा.

यावर पालकांची उत्तरे ठरलेली आहेत. कोणी म्हणतात, हे सुताराचे काम, आपल्या मुलाने का करावे? या उत्तराचा आम्ही फार विचार करीत नाही. ज्या पोळपाटावर रोजची पोळी लाटली जाते तो घडविणाऱ्याच्या कामास हलके समजणाऱ्याने आधी पोळी सोडावी. कोणी म्हणतात, हात कापेल. या म्हणण्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे वळू. तिसरे उत्तर, अभ्यास बुडेल, हे. आणि हे उत्तर एके काळी आम्हीच मोठ्या तोऱ्याने देत होतो, हे कबूल केले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरील एक मुलगा खाली मान घालून मांडीवर काही खरडीत आहे, असे दिसले. जवळ जाऊन पाहतो तो हातात लहानशी सुरी आणि पांगाऱ्याच्या लाकडाचा बोटभर उंचीचा बैल! आम्ही दोन्ही जप्त केले, त्यास चार शब्द सुनावले, आणि वर्ग हसू लागला तेव्हा त्यास हसू दिले. त्या हसण्याचे आम्हांस आजही वाईट वाटते. सुरी सायंकाळी परत केली. बैल द्यावयाचा राहून गेला. पुढे त्याच्या वडिलांची बदली झाली व मुलगा शाळा सोडून गेला. वर्षअखेर मेजाचा खण आवरताना तो बैल पुन्हा हाती आला, आणि तेव्हा कोठे आम्ही तो नीट पाहिला. त्याचे वशिंड मधोमध नव्हते, किंचित एका अंगास कललेले होते. दुसऱ्या दिवशी रस्त्याने जाताना आम्ही मुद्दाम बैल पाहिले. पोरगा बरोबर होता. पानिपतची सनावळी ज्याला सांगता येत नव्हती, त्याने बैल आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाहिला होता.

त्याच वर्षी आम्ही स्वतः सुरी हाती घेतली. पहिला प्रयत्न पळीचा होता. ती पळी न होता काहीसे उलथणे झाले, आणि आमच्या गृहिणीने ते न हसता स्वीकारून चुन्याच्या डब्यात टाकले. पण त्या उलथण्याने आम्हांस जे शिकविले ते असे : लाकूड ही मुकी वस्तू नव्हे. रेषेच्या कलाने सुरी चालविली तर लोण्यासारखी पातळ ढलपी निघते. रेषेविरुद्ध चालविली की पाते आत घुसते आणि नको तेवढा तुकडा उपटून येतो. मध्येच गाठ आली तर तिच्याशी भांडून उपयोग नाही, तिला वळसा घालावा लागतो, आणि मनात योजलेला आकार थोडा बदलावा लागतो. शिवणीचे ताजे, ओले लाकूड सुरीखाली मऊ असते. परंतु फांदी उभी चिरून मधला गाभा काढून टाकला नाही, तर वाळताना त्यापासून तडा जातो. कोरलेली वस्तू उन्हात ठेवली तरी तीच गत. तिच्याच ढलप्यांत पुरून सावलीत काही दिवस ठेवावी, मग काचकागदाने घासून जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तेल लागताच लाकडातील लपलेल्या रेषा उमटून वर येतात. त्या क्षणासाठी आठ दिवस वाट पाहणे आम्हांस जड वाटत नाही. आणि त्या आठ दिवसांत सायंकाळी सुरी चालू असताना तपासावयाच्या वह्यांची आठवण येत नाही, हाही एक लाभ. मुख्याध्यापकांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे.

बाभळीच्या नादी मात्र नवशिक्याने लागू नये. ती गाड्यांच्या चाकांसाठी आहे. कोवळ्या मनगटासाठी पांगाराच बरा.

शाळेत सुरीस स्थान देणारे आम्ही पहिले नव्हे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली खेड्यांतील शाळांत मुलांसाठी हस्तव्यवसाय आवश्यक ठरला. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन (१८४९–१९०७) यांनी ‘स्लॉइड’ नावाची पद्धत बसविली आणि ती शिकण्यास देशोदेशींचे शिक्षक त्यांच्याकडे जाऊ लागले. तीत मुलाच्या हाती आधी सुरी देत, आणि घरात वापरता येईल अशी वस्तू करवून घेत. हेतू सुतार तयार करण्याचा नव्हता, मनुष्य तयार करण्याचा होता. आमच्या शेजारी वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेनेही हस्तोद्योगास शिक्षणाच्या मध्यभागी बसविले. मात्र त्या योजनेत मुलांच्या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे अशी अपेक्षा होती, आणि तेथे आमचे मन थोडे अडखळते. मिळकतीचा हिशेब मांडला की छंदाचा जीव गुदमरतो. आमच्या मुलाने कोरलेला नंदी विकला जाऊ नये. तो आजीच्या कोनाड्यात राहावा.

आता हात कापण्याविषयी. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा अधिक घातकी असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. म्हणून मुलास प्रथम धार लावण्याचा दगड द्यावा आणि मग लाकूड. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे, लाकूड धरणारा हात पात्याच्या मागे असावा, जवळ कोणी वडील माणूस असावे, आणि मांडीवर ठेवून कधीही कोरू नये. एवढे पाळूनही एखादे वेळी बोटास चिरा पडेलच. आमच्या डाव्या अंगठ्यावर असे तीन वण आहेत. सायकल शिकताना फुटलेल्या गुडघ्यांविषयी कोणी पालक तक्रार करीत नाही, हे येथे आठवावे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या तान्ह्या पोळ्यास तुमच्यापैकी ज्याने किंवा जिने स्वतः नंदी कोरला असेल, त्यांनी तो आम्हांस अवश्य दाखवावा. वशिंड कोणत्या अंगास कलले आहे ते आम्ही पाहू. इतिहासाच्या तासाला आणला तरी आमची हरकत नाही. सुरी मात्र घरी ठेवावी.