पुठ्ठ्याचा टू बीएचके

सात वर्षांच्या कुठल्याही मुलाला सांगा, ‘घर काढ.’ काय काढेल? उतरतं छप्पर, दोन खिडक्या, मधोमध दार आणि वर धूर सोडणारी चिमणी. पोरगं राहतं सहाव्या मजल्यावर, चिमणी पाहिलीय ती फक्त गॅसच्या वरची. पण घर म्हटलं की हेच!

मी दिवसभर ऑटोकॅडवर लोकांची घरं काढते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे गेले, तेव्हा भाचीनं अस्साच एक कागद माझ्यासमोर नाचवला. ‘आत्या, हे खरंखुरं बनवू या ना!’ वहिनीनं सुटकेचा श्वास टाकला. निदान एक दुपार टीव्ही बंद. दादा-वहिनीचं सध्या फ्लॅट बघणं चालू आहे, त्यामुळे टीपॉयवर बिल्डरांच्या गुळगुळीत ब्रोशर्सचा ढीग होताच. कच्चा माल तय्यार.

तर मंडळी, पहिला फंडा. सुरुवात घरापासून करायचीच नाही, माणसापासून करायची. आपण लहानपणी किल्ला करायचो, आठवतंय? त्यात मावळा हमखास महादरवाजापेक्षा उंच असायचा. कारण किल्ला आधी व्हायचा आणि चित्रं नंतर बाजारातून यायची. इथे उलटं करायचं. पाच सेंटीमीटर म्हणजे एक मीटर, एवढंच मुलाला सांगायचं. ‘स्केल’ वगैरे शब्द नंतर. आम्ही घरातल्या सगळ्यांची उंची दाराच्या चौकटीशी उभं करून मोजली. आजी, म्हणजे माझी आई, दीड मीटर. म्हणजे पुठ्ठ्याची आजी साडेसात सेंटीमीटर. स्विमिंग पूलवाल्या ब्रोशरच्या पाठकोऱ्या पानातून ती कापली. मग दार किती उंच हवं, ओटा किती, हे पोरगी आपणहून ठरवायला लागली. आजीला उभं करायचं आणि बघायचं, हात पुरतो का.

मग बुटांचं खोकं आलं. ३० बाय १८ सेंटीमीटर. आमच्या हिशोबानं सहा मीटर बाय ३.६, म्हणजे साधारण २३० चौरस फूट. मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. बुटांच्या खोक्यात ती बसून वर जागा उरते! हे ऐकल्यावर दादानं पेपर बाजूला ठेवला.

छपरासाठी मी खराट्याचे हीर आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे काढले. ही आयडिया माझी नाही. पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या व्हॉल्व्ह ट्यूबनं जोडायचा त्यांचा प्रकार तिथलाच. (सबॅटिकल हा शब्द आपल्याकडे फॅशनमध्ये येण्याआधीची गोष्ट.) चार काड्यांचा चौकोन करून दाबा, तो लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, हलत नाही. भाचीनं दहादा दाबून पाहिला. मग चौकोनात एक तिरकी काडी टाकली आणि माझ्याकडे बघून हसली. हे मी कॉलेजात शिकले होते, फी भरून.

मग गच्चीत नेऊन छपरावर मगभर पाणी ओतलं. आधी सपाट पुठ्ठा, मग प्लास्टिक घातलेलं उतरतं. सपाट छपराची अर्थातच लापशी झाली. कोकणात उतरती कौलं का आणि सोलापूरकडे माळवदाची सपाट घरं का चालली, हे सांगायला मग दोन वाक्यं पुरली.

खरी गंमत आतल्या भिंती घालताना झाली. पोरीनं बाथरूम ठेवलं थेट हॉलला लागून आणि त्याच्या दाराशी आजीची कॉट. दादाच्यातला इंजिनिअर जागा झाला. ‘अगं, असं नसतं. बाथरूम इकडे पॅसेजमध्ये येतं...’ म्हणत त्यानं पेन्सिल उचललीसुद्धा. मी त्याच्या हातावर चापट मारली. कटर मोठ्यांच्या हातात, पेन्सिल मुलाच्या हातात, हा नियम मोडला की झालंच. शाळेचे निम्मे प्रोजेक्ट रात्री अकरा वाजता आयाच करत असतात, तसलं काहीतरी होतं मग.

‘असू दे ना बाबा,’ ती म्हणाली. ‘आजी रात्री तीनदा उठते. अंधारात भिंतीला हात लावत जाते. मी तिच्याजवळच झोपते ना, मला कळतं.’

वहिनीनं दादाकडे बघितलं. त्यांना पसंत पडलेल्या फ्लॅटचं ब्रोशर तिथेच होतं, अजून न कापलेलं. त्यात एक बाथरूम मास्टर बेडरूमच्या आत, दुसरं किचनच्या पलीकडे, पार टोकाला. आईची सोय सोफा-कम-बेडवर, हॉलमध्ये. हे तिघांनी मिळून ठरवलेलं, आईसकट. आई तेव्हा म्हणाली होती, ‘मला काय, कुठेही चालेल.’ आणि मी, घरातली आर्किटेक्ट, तो प्लॅन बघून ‘व्हेंटिलेशन मस्त आहे रे’ म्हणाले होते.

पुढच्या रविवारी सगळे सॅम्पल फ्लॅट बघायला गेले. पोरीनं साडेसात सेंटीमीटरची आजी फ्रॉकच्या खिशात घातली होती. दादानं हॉलपासून बाथरूमपर्यंत पावलं मोजली. एकोणीस. सेल्सवाला मुलगा गोंधळून म्हणाला, ‘सर, कार्पेट एरिया सांगू का?’

बुकिंग अजून झालेलं नाही. दोन प्लॅन माझ्या टेबलावर येऊन पडलेत. पुठ्ठ्याचं घर फ्रिजवर आहे, छप्पर थोडं वाकलंय. आईची तक्रार एकच, की त्यातली आजी जरा जास्तच जाड कापलीय.