सरस्वती महालातील मराठी : जतन आणि वाचन

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा दोन प्रसंगी येतो : नाट्यवाङ्मयाच्या आरंभाची चर्चा करताना आणि सरफोजी राजांच्या ग्रंथप्रेमाचा गौरव करताना. दोन्ही प्रसंगी आपण अभिमान व्यक्त करतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. हे ग्रंथालय आज काय आहे, त्यात मराठीचे काय आहे आणि त्याच्याशी मराठी अभ्यासकाचे नाते कोणते असावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

ग्रंथालयाचा पूर्वेतिहास अभ्यासकांना विदित आहेच. तो थोडक्यात नोंदवितो. नायक राजांच्या काळी येथे राजवाड्याचे ग्रंथभांडार होते. व्यंकोजी राजांपासून तंजावरात मराठ्यांचा अंमल सुरू झाला आणि ते भांडार त्यांच्याकडे आले. त्याला आजचे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८ ते १८३२). श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने युरोपीय भाषांतील हजारो छापील ग्रंथ जमविले, १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेत संस्कृत हस्तलिखिते मिळविली आणि पंडितांना नकला करण्याच्या कामी लाविले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आणि भांडार राजघराण्याच्या मालमत्तेच्या वादात सापडले. पुढे राजघराण्याच्या संमतीने १९१८ मध्ये ते सार्वजनिक झाले. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत या तंजावरच्या मराठी घराण्यांचे खासगी संग्रहही त्यात आले. १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. १९८६ पासून ते तमिळनाडू शासनाच्या आधिपत्याखालील नोंदणीकृत संस्था म्हणून चालते.

या शासकीय ग्रंथालयाने केलेली सेवा लहान नाही. सर्वसामान्य वाचकालाही खुले असलेले वाचनालय, हस्तलिखितांच्या जतनाची व्यवस्था, संशोधकांसाठी प्रतींची सोय, वर्णनात्मक सूच्या, १९३९ पासूनचे नियतकालिक आणि दुर्मिळ ग्रंथांचे प्रकाशन, असा हा व्याप आहे. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’सारखी मराठी कृती छापून वाचकांपुढे आली ती याच ग्रंथालयामुळे. मराठीचा एवढा मोठा ठेवा एका तमिळभाषी राज्याच्या शासनाने सांभाळला, याची कृतज्ञ नोंद मराठी अभ्यासकांनी केली पाहिजे.

तथापि सांभाळणे आणि वाचणे या दोन भिन्न गोष्टी होत. तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना लागणाऱ्या पापनाशम येथे नायककालीन धान्याचे एक प्रचंड कोठार उभे आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्यास संरक्षित वास्तू ठरविले आहे. त्याची घडण पाहण्याजोगी आहे; परंतु त्यातील धान्यावर आता कोणाचे पोट भरत नाही. कोठाराच्या बाबतीत त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. ग्रंथालयाची मात्र अशी संरक्षित वास्तू होऊन चालत नाही. सरस्वती महालातील संस्कृत आणि तमिळ विभागांस ते भय तितकेसे नाही, कारण त्यांना वाचक आहेत. मराठी विभागास ते आहे.

मराठी विभागात आहे तरी काय? तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तराचे तेराशेंवर गठ्ठे. हस्तलिखितांत तंजावर प्रांतातील रामदासी मठांतून निर्माण झालेले विपुल वाङ्मय आहे, आख्याने आहेत, शास्त्रग्रंथांची भाषांतरे आहेत आणि नाटके आहेत. व्यंकोजीपुत्र शहाजींचे (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’च्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचे. या एका तारखेवरून मराठी रंगभूमीचा जन्म कोठे झाला, असा वाद आपण पुष्कळ केला. परंतु तंजावरचे नाटक तंजावरात कोणत्या परंपरेत उभे होते, हा अधिक मोलाचा प्रश्न मागे राहिला. याच शहाजींनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ रचले. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. ज्या दरबाराचा प्रेक्षक अशा नाटकाचा रस घेऊ शकत होता, त्याच्या मराठी नाटकांचे मूळ केवळ महाराष्ट्रातील कीर्तन-लळितांत शोधणे अपुरे आहे. तेलुगू यक्षगान आणि तमिळ कुरवंजी यांची ओळख असल्याखेरीज त्या नाटकांची बांधणी उलगडणार नाही.

वाङ्मयाबाहेरही तेच आढळते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत आहे. सरफोजींच्या मुद्रणालयातून १८०६ मध्ये निघालेली ‘बालबोधमुक्तावली’ म्हणजे इसापच्या गोष्टींचा मराठी अवतार. पण त्याच राजाच्या आश्रयाने झालेले वैद्यकाचे ग्रंथन तमिळ पद्यात आहे. कोणते काम कोणत्या भाषेत करावे याचा काही एक विवेक त्या दरबाराला होता. तो विवेक समजून घेणे हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासाचा विषय आहे आणि मराठीचा कप्पा वेगळा काढून तो समजणार नाही.

येथे सूचीचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. तंजावर येथे न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांची १८८० ची सूची प्रसिद्ध झाली आणि युरोपातील पंडितांना या भांडाराची ओळख पटली. परंतु ती सूची संस्कृत हस्तलिखितांची होती. पुढे १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांच्या वर्णनात्मक सूचीचे खंड निघाले, तेही संस्कृताचे. मराठी हस्तलिखितांची सूची झाली. तथापि मोडी गठ्ठ्यांत कोणता कागद कोठे आहे हे बाहेरच्या अभ्यासकास सांगणारी विषयवार, तपशीलवार सूची ही आजची निकड आहे. सूचीत जे येत नाही ते विद्वज्जगताच्या दृष्टीने जवळजवळ नसतेच.

आणि मोडी वाचणार कोण? या संदर्भात एक गोष्ट आपणांस अंतर्मुख करणारी आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८० च्या दशकात या मोडी कागदपत्रांतील निवडक भाग तमिळमध्ये आणून छापला. मराठी राजांचा मराठी दफ्तरव्यवहार तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत मिळाला. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्या प्रमाणात या दफ्तराकडे लक्ष दिले, असे म्हणवत नाही.

ही कागदपत्रे महाराष्ट्रात आणावीत, असा उपाय कोणी सुचविल्यास तो मुळीच ग्राह्य नाही. गावांची नावे, देवळांचे खर्च, कालव्यांची पाणीवाटणी, धान्याची मापे हे सारे कावेरीकाठचे आहे. त्यांतील मराठीत तमिळ शब्द सहज मिसळले आहेत. कागद येथून हलविला की त्याचा शब्दकोशच मागे राहील. छायाप्रती काढून संगणकावर ठेवाव्यात, हा दुसरा उपाय अवश्य करावा. परंतु अवाचनीय कागदाची छायाप्रतही अवाचनीयच राहते.

खरी अडचण निराळी आहे. तंजावर-कुंभकोणम भागात आजही घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीत या दफ्तरातील कितीतरी शब्द जिवंत असण्याचा संभव आहे. परंतु त्यांतील अनेकांना देवनागरीचाही सराव नाही, मग मोडी दूरच. उलट पुण्या-मुंबईच्या मोडी जाणणाऱ्याला लिपी येते, पण तो तमिळ शब्दापाशी अडतो. लिपी एकाकडे, शब्द दुसऱ्याकडे, अशी ही फाटाफूट आहे. दोघे एका मेजाशी बसले तरच तो कागद बोलेल, आणि बोली क्षीण होत जात असता ही संधी अनंत काळ राहणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्राचीन मराठीत संशोधन करणाऱ्यास मोडीबरोबर एक द्राविड भाषा शिकण्याची सोय आणि अपेक्षा, दोन्ही असाव्यात. मराठी विभागांनी तमिळ विद्यापीठाशी आणि ग्रंथालयाशी करार करून आपले विद्यार्थी निदान एका सत्रासाठी येथे पाठवावेत. मोडी दफ्तराची सूची मराठी व तमिळ अशा दोन्ही भाषांत व्हावी आणि तिच्या कामात स्थानिक मराठीभाषकांना केवळ माहिती पुरविणारे म्हणून नव्हे, तर सहकारी म्हणून सामील करून घ्यावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्त भाषेच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ बोलले गेले. प्राचीनता सिद्ध करून झाली असेल, तर आता वाचनास लागावे. तमिळनाडूने कागद जपला. तो वाचण्याचे काम मात्र अन्य कोणी आपल्यासाठी सदैव करीत राहील, अशी अपेक्षा बाळगणे मराठी अभ्यासकांना शोभणारे नाही.