लॅपटॉपचा पत्ता चुकतो तेव्हा

पीकविम्याची नोंद असो की मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, मुदत जवळ आली की घरातला लॅपटॉप उघडावा लागतो. सूरजागडसारख्या गावातली मुले एटापल्लीला, गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला शिकायला अथवा नोकरीला असली, तर तिथे लॅपटॉप झकास चालतो. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की मात्र ‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’ असे दाखवतो. यंत्र बिघडले म्हणून मंडळी तालुक्याला धावतात. भाडे जाते, दिवस जातो, कधी मुदतही जाते. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते, चुकलेला असतो तो पत्ता.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. त्याला आयपी म्हणतात. काही कार्यालयांत तो कायमचा नेमून दिलेला असतो. हॉटस्पॉट मात्र आलेल्या यंत्राला स्वतःच पत्ता देतो. आठवडी बाजारासारखेच हे. आपल्या बाजारात आपली जागा ठरलेली असते, पण परगावच्या बाजारात दाखवतील तिथेच पाल टाकावे लागते. तिथे जुन्या जागेचा हट्ट धरून धंदा होत नाही.

उपाय सोपा आहे. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर आधी तिथे विचारावे. मग कार्यालयाचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात वायफाय, त्यात जोडलेल्या जाळ्याची माहिती उघडावी. ‘आयपी असाइनमेंट’ आणि डीएनएस दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ करावे. कार्यालयाची प्रॉक्सी चालू राहिली असेल तर तीही बंद करावी. परत गेल्यावर वहीतले आकडे पुन्हा भरावेत.

वरचेवर बदलाबदली नको असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’ची सोय आहे. जाळ्याने पत्ता दिला तर लॅपटॉप तो घेतो, न दिला तर आपण लिहून ठेवलेला वापरतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला पत्ता मिळालेलाच नाही. अशा वेळी हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करावा. आणि मोबाइललाच रेंज नसेल, तर लॅपटॉपचे आकडे बदलून उपयोग नाही.

पाऊस पडल्यावर नांगराचा फाळ लोहाराकडे नेऊन चालत नाही. तसेच हे. मुदतीच्या आठ दिवस आधी लॅपटॉप घरी एकदा जोडून पाहावा.