दरी म्हणजे उलटा डोंगर

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, ॲरिझोना आणि युटा या राज्यांत, कोरड्या पठारांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. ऊन, थंडी आणि पाणी यांनी तो ठिकठिकाणी चिरून काढला आहे. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, आर्चेस, कॅन्यनलँड्स ही तेथील प्रसिद्ध राष्ट्रीय उद्याने. शाळांना सुट्टी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीत सामान भरून या उद्यानांतून हिंडतात आणि पायवाटांनी दऱ्यांत उतरतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे गेलेले पाहुणेही त्यांत असतात. परत आल्यावर ही मंडळी लाल खडकांचे आणि सूर्यास्ताचे वर्णन करतात. पायवाटेच्या तोंडाशी लावलेल्या फलकांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. माझ्या मते, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेथे प्रथम वाचावे ते हे फलकच.

ग्रँड कॅन्यनचे उदाहरण घ्या. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नका, उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चढू नका, असे तेथे बजावलेले असते. पुष्कळ लोक ही सरकारी खबरदारी समजून पुढे जातात. अशा अनेकांना दरवर्षी दरीतून सोडवून आणावे लागते. काहींचा मृत्यूही होतो. या सूचनांमागे काय आहे, हे तुम्हाला शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून काढता येईल.

आपल्याकडे गड चढताना कष्ट आधी असतात. दमलात तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरता, आणि पुढे उतारच असतो. दरीत सारे उलट. ताजेतवाने असता तेव्हा उतार, आणि पाय थकल्यावर, ऊन चढल्यावर, पाणी संपत आल्यावर चढ! चूक झाली हे कळते तेव्हा ती सुधारण्याची वाट सर्वांत अवघड झालेली असते.

आता आकडे पाहू. ब्राइट एंजल ही तेथील प्रसिद्ध वाट सुमारे २,१०० मीटर उंचीवर सुरू होते. तळाशी कोलोरॅडो नदी आहे, ती सुमारे ७५० मीटरवर. फरक १,३५० मीटर. कोरडी हवा खाली उतरते तेव्हा दाबली जाऊन तापते; दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सियस. म्हणजे काठावर २८ अंशांची सुखद हवा असेल, तर तळाशी ४१ अंश! जुलै महिन्यात तेथे साधारण हेच तापमान असते.

तुमचे वजन ५० किलो धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: ५० × ९.८ × १,३५०, म्हणजे सुमारे ६६० किलोज्यूल. पण स्नायूंची कार्यक्षमता फार तर पाव असते. ६६० किलोज्यूल कार्य करण्यासाठी शरीर सुमारे २,६४० किलोज्यूल ऊर्जा खर्च करते आणि उरलेले जवळजवळ २,००० किलोज्यूल उष्णता होऊन शरीरातच राहतात. ही उष्णता बाहेर कशी जाणार? भोवतालची हवा शरीरापेक्षा गरम, त्यामुळे उष्णता उलट आत येऊ पाहते. घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. केवळ उंची चढण्यासाठीच पाऊण लिटरहून अधिक घाम हवा. वाटेची लांबी, पाठीवरचे ओझे, डोक्यावरचे ऊन आणि तापलेल्या खडकांची धग यांचा हिशोब वेगळाच. त्यातून वाळवंटात घाम तत्काळ उडून जातो, म्हणून किती पाणी गेले ते समजतही नाही. घामाबरोबर मीठही जाते. तेव्हा नुसते पाणी पिऊन भागत नाही, खारट खाणेही लागते.

अरुंद घळींची गोष्ट निराळी. समजा, १०० मीटर रुंद ओढ्यात अर्धा मीटर पाणी वाहत आहे. तेच पाणी ५ मीटर रुंद फटीत शिरले, तर वेग दुप्पट झाला तरी खोली ५ मीटर होईल. उघडा खडक पाणी शोषत नाही, आणि पाऊस तुमच्या डोक्यावरच पडला पाहिजे असेही नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा आला आणि ११ जण मृत्युमुखी पडले. घळीवरचे आकाश निरभ्र आहे, हा पुरावा पुरेसा नाही.

यावर कोणी म्हणेल, सहलीला गेलो की परीक्षेला? पण गणित केल्याने दरीचे सौंदर्य कमी होत नाही. खरी अडचण वेगळीच असते. "एवढे विमानभाडे भरून आलो, आता नदीला हात लावूनच परत फिरू," असे घरातील एखादा वडीलधारा म्हणतो आणि बाकीचे गप्प बसतात. वर केलेल्या गुणाकारात वस्तुमान आहे, उंची आहे. विमानभाडे कोठेही नाही! अशा वेळी हिशोब समजलेल्या मुलाने बोलले पाहिजे, आणि मोठ्यांनी ते ऐकले पाहिजे. मुलांनी उलट बोलू नये ही शिकवण चांगली असेल. पण गुरुत्वाकर्षण कोणाचे वय पाहत नाही.

एक सोपा नियम लक्षात ठेवा. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागतो. हाती तीन तास असतील, तर एक तास उतरून मागे फिरावे. आणि हा तास कुटुंबातील सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने मोजावा. नदी दिसली नाही तरी हरकत नाही. तासभर उतरतानाही चुनखडक, वालुकाश्म यांचे थर बदलताना दिसतात, आणि प्रत्येक थर वरच्यापेक्षा जुना असतो.

शिक्षकांनाही एक विनंती. कप्पीवरून लोंबणाऱ्या वजनांची गणिते वर्गात जरूर सोडवावीत. पण एखादे गणित चढणाऱ्या माणसाचेही घालावे. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे स्वतःचे वजन घेऊन वरचा हिशोब वहीत करून पाहा. तुमच्या बाटलीत किती पाणी मावते तेही मोजा, आणि दोन्ही आकडे घरी दाखवा.