घास अडकतो म्हणजे ॲसिडिटी नव्हे

माझ्या मोठ्या आईला घास उतरायचा नाही. भाकर वरणात कुस्करून घ्यायची, दोन घासांमागे गिलासभर पाणी प्यायची, आणि तरी अडकलं की ताटावरून उठून भिंतीशी ताठ उभी राहायची, दोन्ही हात वर करून. तसं केलं की छातीतलं खाली सरकतं, हे तिचं तिनंच शोधलं होतं. पुढे पाणीही अडकू लागलं. सकाळी उशी ओली असायची आणि तिच्यावर रात्रीच्या भाताची शितं. दोन वर्षं घरात, मेडिकलवर, दवाखान्यात एकच शब्द चालला, ॲसिडिटी. शेवटी रिपोर्टावर 'अकॅलेशिया' असं आलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो कॅन्सरच समजला आणि रडारड केली. तोही चुकीचाच समज होता.

म्हणून उमरखेड, ढाणकी, महागावकडच्या माझ्या माणसांना हात जोडून सांगतो, गिळायला त्रास होत असेल तर आधी तो त्रास नीट ओळखा.

अन्ननलिका म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटरची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता पडत नाही. नळी वरून खाली लाटेसारखी आवळत जाते आणि त्याला पुढे ढकलते. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, ती घास आला की सैल पडते. अकॅलेशियात ही झडप सैल पाडणाऱ्या नसा निकामी होतात, लाटही मंदावते, आणि अन्न वरच तुंबून राहतं. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार आहे. मेलेल्या नसा औषधानं परत येत नाहीत, पण झडप मोकळी करता येते : फुग्यानं ताणून, पोटाला बारीक छिद्रं पाडून तिचे स्नायू कापून, किंवा तोंडातून दुर्बीण घालून तेच स्नायू आतून कापून. ही शेवटची पद्धत जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये सुरू केली. मोठ्या आईला फुगा केला. आता ती भाकर खाते, सावकाश खाते, आणि जेवल्यावर लगेच आडवी होत नाही.

कॅन्सरमध्ये सहसा आधी भाकर अडते, मग भात, मग पेज, शेवटी पाणी, आणि हे सगळं काही महिन्यांत. सोबत वजन उतरतं. अकॅलेशियात बऱ्याचदा पहिल्यापासून भाकर आणि पाणी दोन्ही अडतात. पण हा फरक डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे. त्यावरून घरी बसून निकाल लावू नका. खर्रा, बिडी, दारू असेल तर तेही खरं सांगा. बायको शेजारी बसलीय म्हणून लपवू नका.

तपासणीची पहिली पायरी दुर्बीण. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, काही मिनिटांत होते. तिच्यात काही दिसलं नाही म्हणून विषय संपत नाही, कारण सुरुवातीचा अकॅलेशिया दुर्बिणीतून सुटू शकतो. मग बेरियम पाजून फोटो काढतात आणि नळीतला दाब मोजतात. त्या तपासणीला मॅनोमेट्री म्हणतात. ती सगळीकडे होत नाही, म्हणून कुठे होते हे डॉक्टरांनाच विचारा.

रिपोर्टातल्या शब्दांनी घाबरू नका. 'हायटस हर्निया' म्हणजे जांघेतला हर्निया नव्हे. जठराचा थोडा भाग छातीकडे सरकलेला असतो, आणि पुष्कळांना त्यासाठी ऑपरेशन लागत नाही. 'इसोफेजायटिस ग्रेड ए' म्हणजे आम्लानं झालेली सौम्य जळजळ. तुकडा तपासायला घेतला म्हणजे कॅन्सर सापडला असं नाही, आणि तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही तर निव्वळ अफवा. डॉक्टरांसमोरून उठण्याआधी एवढं विचाराच : नळी अरुंद झालीय की तिची हालचाल बिघडलीय? तुकडा घेतला का, आणि त्याचा रिपोर्ट कधी मिळेल?

पैशाच्या भीतीनं कुणी थांबू नये. पैनगंगेचा पूल ओलांडून नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इकडे यवतमाळला वसंतराव नाईक महाविद्यालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेटा, आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा.

आणि ज्याला स्वतःची थुंकीही गिळता येत नाही, रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सोयाबीन काढायचं राहिलं असलं तरी.