चाकोरीची बाजू

आपल्या वार्षिकांकात चाकोरी सोडण्याविषयी एक तरी लेख दरवर्षी असतो. हा लेख लिहिण्यापूर्वी ग्रंथालयात बसून मी मागचे पाच अंक चाळले. 'चाकोरीबद्ध जीवन', 'चाकोरीबाहेरचे पाऊल', 'मोडू या चाकोरी' अशी शीर्षके सापडली. हे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी खरी चाकोरी, म्हणजे चाकाने जमिनीत पडलेली खोल रेघ, पाहिली असेल कोण जाणे. आमच्या गावच्या पाणंदीत पावसाळा संपला की ती वीतभर खोल असते आणि बैल तिच्यातून झोपेतसुद्धा घरी येतात. मला या लेखात चाकोरीची बाजू घ्यायची आहे, आणि तीही अगदी शब्दशः. कारण डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानात मी ती एकदा सोडली, आणि त्याची भरपाई दुसऱ्याला करावी लागली.

भूगोल विभागाची अभ्याससहल जोधपूरमार्गे जैसलमेरला गेली होती, हे बहुतेकांना ठाऊक आहे. जैसलमेरपासून साधारण चाळीस किलोमीटरवर सम हे गाव आहे. तेथील वाळूच्या टेकड्या पाहायला देशभरातून माणसे येतात. टेकड्यांच्या अलीकडे रस्त्याच्या दुतर्फा तंबूंची वसतिस्थाने आहेत, उंटगाड्या आहेत, जीपगाड्या आहेत आणि अलीकडे क्वाड बाईकही आहेत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिला चार जाड, बुटकी चाके असतात. त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर वाळूवर पसरतो आणि रुतत नाही. मोटारसायकलसारखे हँडल असते, पण मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याने एक लहानशी पट्टी दाबायची. आमच्या वाट्याला आलेल्या गाडीला क्लच नव्हता. अर्ध्या तासाचे आठशे रुपये. एक मार्गदर्शक आपली गाडी घेऊन पुढे जातो आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचे.

आठशे रुपये ही माझ्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. पण मला ती गाडी चालवायचीच होती. अण्णा गेली वीस वर्षे ट्रॅक्टर चालवतात, मात्र दुसऱ्याच्या मालकीचा. आणि त्या ट्रॅक्टरच्या बैठकीवर मला कोणी कधी बसू दिले नाही. सायकल मी आठवीत शिकले, तीही शाळेकडून मिळाली म्हणून. इंजिन असलेली कोणतीही वस्तू माझ्या हातात कधी आली नव्हती. समला पैसे घेणाऱ्या गृहस्थांनी मुलांना एकेक गाडी दिली आणि आम्हा मुलींना सांगितले, "मॅडम लोगों के पीछे लडका बैठेगा, हँडल वही पकडेगा." मी हट्ट धरला. सर मध्ये पडले आणि अखेर मला एकटीला गाडी मिळाली. त्या पहिल्या पाच मिनिटांत मला जे वाटले ते लिहायला मला संकोच वाटत नाही. मी मोठ्याने हसत होते. अंगठा दाबला की जमीन मागे जाते, ही गोष्ट एकोणीस वर्षे माझ्यापासून का लपवून ठेवली होती, असे वाटले.

आमचा मार्गदर्शक माझ्याच वयाचा होता. नाव देत नाही. ऑक्टोबर ते मार्च हा तेथला हंगाम. तेवढे महिने तो हे काम करी, आणि दहावीनंतर शाळा सुटली होती. निघण्यापूर्वी त्याने आम्हाला उभे करून चार गोष्टी सांगितल्या, आणि तीन मिनिटांच्या त्या पाठात आमच्या पहिल्या वर्षाच्या भूरूपशास्त्रातले अर्धे प्रकरण होते. टेकडी चढताना सरळ चढायचे आणि मध्येच थांबायचे नाही. माथ्यावर पोहोचताच वेग कमी करायचा, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही. उतारावर गाडी आडवी घ्यायची नाही. गाडी कलली तरी पाय खाली टेकायचा नाही, मागचे चाक त्यावरून जाते. आणि शेवटी, "दीदी, मेरी लीक मत छोडना."

लीक म्हणजे चाकोरी. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि वाऱ्याने दाबून बसवलेली असते, तर आडोशाची बाजू तिशीच्या पुढच्या कोनात कशीबशी तोललेली असते. एवढ्याशा भारानेही ती वाळू घसरते. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. पण गाडीवर बसल्यावर कोणती बाजू कोणती हे मला एकदाही ओळखता आले नाही. तो मुलगा ते वाळूच्या रंगावरून आणि तिच्यावरच्या बारीक लाटांवरून ओळखत होता. त्याची लीक हाच त्याच्या ज्ञानाचा लेख होता.

पंधरा-वीस मिनिटांनंतर आमच्यातल्या दोघा मुलांनी लीक सोडली आणि ते डावीकडे सेवण गवताच्या झुंबाड्यांतून गाड्या उडवत पुढे गेले. मुलींची रांग मागे राहिली. आता माझ्या मनात काय आले ते सांगायला हवे. हँडल मिळवण्यासाठी मी भांडले होते, आणि आता रांगेत मागे राहिले तर ते भांडण फुकट गेले, असे मला वाटले. मीही वळले. पुढे एक ठेंगणी टेकडी होती, ती मी तिरपी घेतली. वरच्या बाजूची चाके हलकी झाली, मी पाय टेकणार तोच मार्गदर्शकाची ओरड ऐकू आली आणि मी उडी टाकली. गाडी एक कोलांटी घेऊन खाली जाऊन पडली. मला खांद्याला मुका मार लागला, बाकी काही नाही. गाडीचे हँडल वाकले आणि पुढचे मडगार्ड फुटले.

परत आल्यावर मुलांनी "शेवटी मुलगीच पडली" असे म्हणायचे ते म्हटलेच. त्यांनीही लीक सोडली होती, त्यांच्या गाड्या मात्र पडल्या नाहीत, एवढाच फरक. पण माझी तक्रार ती नाही. निघताना आम्ही सर्वांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या. इजा झाली तर जबाबदारी आमची, असे त्यात होते. गाडीच्या मोडतोडीविषयी त्यात काहीच नव्हते. मी भीतभीत विचारले तेव्हा पैसे घेणारे गृहस्थ हसून म्हणाले, "आप टेन्शन मत लो, लडके के हिसाब में कटेगा." त्यांना वाटले, मला हायसे वाटेल.

मी सातवीत असताना कालव्याच्या भरावावर अण्णांच्या ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली उलटली होती. भराव खचला होता, ट्रॉलीत नेहमीपेक्षा जास्त ऊस भरायला मालकानेच सांगितले होते. तरी दोन महिन्यांचा पगार कापला गेला. त्या दिवाळीत घरी काय झाले ते येथे सांगत नाही. ज्याची गाडी नाही त्याच्याच हिशेबात ती मोडते, हे मला त्या वयात समजले होते. आणि समला त्या मुलासमोर मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. आम्ही मैत्रिणींनी आपसांत गोळा करून त्याला सहाशे रुपये दिले. त्याने ते मोजले आणि आमच्या डोळ्यांदेखत टेबलावर नेऊन भरले. उरलेले किती हे मी विचारले, त्यावर तो फक्त म्हणाला, "हो जाएगा."

परतल्यावर वर्गात या विषयावर चर्चा झाली. एका पक्षाचे म्हणणे असे की, वाळवंटात या गाड्यांवर सरसकट बंदीच हवी. या पक्षात माझ्या आवडत्या प्राध्यापिका आहेत, म्हणून त्यांचा प्रतिवाद जपून करते. राष्ट्रीय मरु उद्यान १९८० साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर असून ते जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. माळढोक पक्ष्याचा शेवटचा मोठा आधार तेच आहे. सोलापूरकरांना हा पक्षी परका नाही. त्याच्यासाठी नान्नजच्या माळावर १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. जेथे अशी अंडी असू शकतात तेथे चार चाकांचे काय काम, हा प्रश्न रास्तच आहे. सम येथेच २०१९ पासून या पक्ष्याचे प्रजनन केंद्र चालते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून जगातले पहिले पिल्लू तेथे जन्माला आले. म्हणजे आमच्या सहलीच्या दोनच महिने आधी. आम्हाला हे तेथे कोणीही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

तथापि, माळढोकाच्या मृत्यूचे खापर क्वाड बाईकवर फोडणे हा सोपा मार्ग आहे. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, शरीर जड, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो सैल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. त्या तारांतून शहरांना वीज जाते. बंदीचा ठराव करताना आपल्या वर्गात चार पंखे चालू होते, हे मी तेव्हाही म्हटले आणि हशा झाला.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, वाळूच ती, वारा सगळे पुसून टाकतो. यातही अर्धेच सत्य आहे. उघड्या, हलत्या टेकडीवरची चाकाची खूण दुसऱ्या दिवशी नसते, हे आम्ही पहाटे पाहिले. पण सेवण गवताची मुळे वाळूला धरून ठेवतात, फोगाची झुडपेही तेच काम करतात. तेथे चाक फिरले की धरणारा हात तुटतो. आणि खडीच्या कठीण मैदानावर तर खूण पुसलीच जात नाही. नामिबियाच्या वाळवंटात अशा मैदानांवर कित्येक दशकांपूर्वीच्या गाड्यांच्या खुणा अजून दिसतात. तेव्हा प्रश्न गाडी असावी की नसावी हा नाहीच. ती कोठून जावी, एवढाच आहे. ते ज्याला समजते तो माणूस त्या तंबूनगरीत सर्वांत कमी पगाराचा आहे.

त्याच्या वडिलांचे पूर्वी उंट होते. पशुगणनेनुसार राजस्थानात २०१२ साली सुमारे ३ लाख २६ हजार उंट होते, २०१९ साली सुमारे २ लाख १३ हजार उरले. २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा मान मिळाला आणि २०१५ च्या कायद्याने त्याला राज्याबाहेर विकायला नेण्यावर निर्बंध आले. मान वाढला आणि गिऱ्हाईक गेले, असे त्या मुलाने सांगितले. आपण बंदी घातली तर तो उंटाकडे परत जाणार नाही. तो बहुधा सुरतेला किंवा पुण्याला येईल आणि तेथे वाळू वाचण्याची विद्या कोणाच्याही उपयोगाची नसेल.

म्हणून माझे मत असे आहे की, गवताळ भागात आणि उद्यानाच्या हद्दीत एकही चाक जाऊ नये आणि उघड्या टेकड्यांवर फक्त मार्गदर्शकाच्या लिकेतून जावे. लीक सोडणाऱ्याची गाडी तेथेच बंद करण्याचा अधिकार त्याला असावा, मग गिऱ्हाईक मुंबईचे असो की आमच्यासारखे सवलतीत आलेले. मोडतोडीचा पैसा ज्याने मोडले त्याने किंवा ज्याची गाडी आहे त्याने द्यावा. आणि मुलींच्या मागे कोणी बसवू नये. मी पडले ते मुलगी म्हणून पडले नाही, ऐकले नाही म्हणून पडले. मला हँडल दिले ही चूक नव्हती.

असे नियम समला कधी होतील ते आपल्या हातात नाही. पण पुढच्या वर्षीची सहल आपल्या हातात आहे. विभागाने प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोडतोडीसाठी दोनशे रुपये आधीच अनामत घ्यावेत, काही मोडले तर त्यातून भरावेत, न मोडले तर परत करावेत, अशी विनंती मी लेखी दिली आहे. तृतीय वर्षाला सहल नाही, त्यामुळे मी पुन्हा जाणार नाही. तरी माझे दोनशे रुपये कार्यालयात भरून आले. ते कोणत्या खात्यात जमा करावेत हे कारकूनसाहेबांना ठरवता आलेले नाही, त्यामुळे पावती अद्याप मिळालेली नाही.

— द्वितीय वर्ष, कला