पोटावरची पिशवी आणि बाईला न विचारलेला प्रश्न

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा केली. पैकी २०० केंद्रे त्याच वर्षात व्हायची होती. केमोसाठी मुंबईच्या खेपा वाचणार असतील तर आम्ही स्वागतच करतो. पण उपचारानंतर बाईने जगायचे कसे, विशेषतः तिच्या लैंगिक आयुष्याचे काय, हे ना अशा घोषणांत येते ना आपल्या बैठकांत.

गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाला कॅन्सर असेल तर कधी कधी गुदद्वारासह तो भाग काढावा लागतो. मग आतड्याचे टोक पोटावर आणतात. हा स्टोमा. शौच तिथून पिशवीत होते आणि ती रोखून धरता येत नाही. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, गुदद्वार काढलेल्यांचा मात्र कायमचा राहतो.

एवढे बहुतेकींना सांगितले जाते. पुढचे राहून जाते. गुदाशय आणि योनिमार्ग अगदी लागून असतात. शस्त्रक्रियेत तिथल्या नसांना इजा होऊ शकते, कधी योनीची मागची भिंतही थोडी काढावी लागते. रेडिएशनमुळे योनिमार्ग कोरडा आणि अरुंद होऊ शकतो, तरुण बाईची पाळी कायमची जाऊ शकते. संबंधाच्या वेळी दुखते, आणि ती गप्प राहते. पुरुष रुग्णाला ताठरतेवर परिणाम होईल हे निदान सांगितले तरी जाते. बाईच्या बाबतीत ‘मुलंबाळं झालीत ना’ इथेच विषय संपतो, असा आमचा अनुभव आहे.

खरे तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वंगण जेल, डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलेटर. जवळ येण्याआधी पिशवी रिकामी करावी, वरून कापडी पट्टा बांधावा, पोटावर भार येणार नाही असे झोपावे. स्टोमाला नुसता हात लागला तर दुखत नाही आणि कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगावे. टाटा रुग्णालयात स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका आहेत. तालुक्याच्या गावी अशी परिचारिका आम्हाला भेटलेली नाही.

त्यात पिशवी काही शे रुपयांची, टिकते जेमतेम तीन-चार दिवस. मग बायका प्लास्टिकची पिशवी आणि फडके बांधून दिवस काढतात. वास येतो, गळते. अशा अवस्थेत नवऱ्याजवळ जायचे धैर्य कुठून आणायचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्टोमा नाही, त्यामुळे तिकडूनही आधार नाही.

आणि घरात विटाळ. अंथरूण वेगळे, भांडी वेगळी, ‘चुलीपाशी येऊ नको’. दीक्षा घेऊन तिसरी-चौथी पिढी झालेल्या घरांतही आम्ही हे पाहिले आहे. विष्ठेच्या नावाखाली माणसाला दूर बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे का? (बायकोची पिशवी रोज स्वतः साफ करणारे नवरेही पाहिले. ते फारसे बोलत नाहीत, एवढेच.)

हा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे काही ज्येष्ठ बांधव म्हणतात. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी असे प्रश्न विचारावेत आणि त्यांना शास्त्रीय उत्तरे मिळावीत, ही बाजू बाबासाहेबांनी भर न्यायालयात मांडली.

म्हणून आमची मागणी आहे की प्रत्येक डे-केअर केंद्रात स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका असावी आणि पिशव्या सरकारी योजनेतून मोफत मिळाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी बाईशी एकटीशी बोलावे, नंतर तिची इच्छा असेल तर जोडीदारासह. आणि विहारातल्या आरोग्य शिबिरात आपण साखर आणि बीपी तपासतोच. तिथे आडोशाला एक खुर्ची महिला कार्यकर्तीसाठी ठेवायला शासनाच्या आदेशाची गरज नाही.